प्याला पुढे गेला

नळाखालचं पाणी लाल झालं, तेव्हा यशवंतराव साळव्यांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की नळ गंजलाय. माणसाचं मन मोठं लबाड असतं. स्वतःच्या घराला आग लागली तरी आधी शेजाऱ्याची चूल धुमसत असेल म्हणून समाधान करून घेतं. पिंपरी स्टेशनाबाहेरचा तो नळ गंजलेला होताही; पण लाल रंग नळातून येत नव्हता, त्यांच्या हातातल्या रुमालातून जात होता. खोकल्याची उबळ आली म्हणून रुमाल तोंडाला लावला होता, आणि तोंडात काहीतरी कोमट, जरा गोडसर, लोखंडासारखं आलं होतं. त्यांनी रुमाल पिळला. पुन्हा भिजवला, पुन्हा पिळला. पलीकडे एक सिंधी बाई पापड भाजत होती, टांगेवाला घोड्याच्या तोंडाला तोबरा बांधत होता, पहिल्या पाळीतून सुटलेली माणसं सायकली ढकलत चालली होती, आणि कुणाचंही इकडे लक्ष नव्हतं. लक्ष नव्हतं याचं त्यांना बरंही वाटलं आणि भयंकर एकटंही वाटलं. ओला रुमाल तसाच खिशात कोंबून ते घराकडे निघाले, आणि निम्म्या वाटेवर त्यांना आठवलं की आज शनिवार, उद्या देवळात प्रभुभोजन, पावाचा आणि प्याल्याचा विधी. घरी बायको, मार्था, प्याल्यातल्या रसासाठी मनुका उकळत बसली असेल.

आजवर निदान आशेची एक फट होती. पुण्याच्या डॉक्टरांनी छातीची प्लेट खिडकीच्या उजेडात धरून उजव्या बाजूचा ढगासारखा डाग दाखवला होता, क्षय म्हणून सांगितलं होतं, तरी यशवंतरावांनी मनाशी म्हणून घेतलं होतं की प्लेट दुसऱ्या कुणाची असेल, डॉक्टर घाईत होते, देवाची दया मोठी आहे. डॉक्टर भला माणूस होता. औंधच्या इस्पितळात खाट मिळते म्हणाला, भांडी वेगळी ठेवा, घरात सांगा, आणि घाबरू नका. हे घाबरू नका त्याने इतक्या वेळा म्हटलं की यशवंतरावांना तिथेच घाम फुटला. नोकरी कुठे म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी जरा अभिमानानेच सांगितलं, पेनिसिलिनच्या कारखान्यात, बाटल्या भरायच्या खात्यात. डॉक्टर म्हणाला, "तुमचं औषध याला चालत नाही, साळवे." काय थट्टा आहे बघा! गावाकडची माणसं म्हणायची, यशवंताची काय चैन, मरणावरचं औषध हाताखालून जातं त्याच्या. पांढरा डगला, पांढरी टोपी, नाकातोंडावर फडकं बांधून काचेच्या खोलीत ते दिवसभर दुसऱ्यांचं आयुष्य बाटल्यांत भरत, आणि फडक्याच्या आत त्यांचा स्वतःचा श्वास त्यांनाच परत येई, गरम आणि शिळा. पुढच्या महिन्यात त्या खात्यातल्या सगळ्यांच्या छातीच्या प्लेटा निघायच्या होत्या, हे मुकादम मारुतरावांनी जाता जाता सांगितलं होतं. म्हणजे तोवर काय ते. एकदा कळलं की काचेच्या खोलीचं दार बंद, नोकरीबरोबर मिळालेली वसाहतीतली खोली बंद, आणि मार्था नि चार वर्षांची लेक सुवार्ता यांना घेऊन जायचं कुठे? नगरकडच्या गावी आता वडिलांची कबर तेवढी होती.

घरात शिरताच मनुकांच्या रसाचा दाट गोड वास आला. या वासावर यशवंतरावांचा लहानपणापासून जीव. मंडळी गरीब, द्राक्षारस आणायचा कुठून, म्हणून त्यांची आईसुद्धा शनिवारी अशीच मनुका भिजवून, उकळून, फडक्यातून गाळायची, आणि चोथा पोरांना चाटायला द्यायची. आज तो वास नकोसा झाला. मार्था फडकं पिळत होती, आणि फडक्यातून जे थेंब पातेल्यात पडत होते त्यांच्याकडे त्यांना बघवेना. सुवार्ता धावत आली नि पायाला बिलगली. त्यांनी तिला हाताच्या अंतरावर धरून म्हटलं, कपड्यांना कारखान्याचा वास आहे, जा, आईकडे जा. रोज तेच. पोरगी आता शहाणी झाली होती. बिलगायची ती पायालाच, वर हात करायची सोडून दिली होती. मार्थाने मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली. तिचं हे न बोलणं त्यांना खायचं. ऐन जानेवारीत माणूस उकडतं म्हणून व्हरांड्यात झोपतो, आपला ग्लास आपण घासतो आणि खिडकीत कोपऱ्यात सारून ठेवतो, कधी रुमाल धुतला नाही तो आता पहाटे उठून रुमाल धुतो, हे काय बाईच्या नजरेतून सुटतं? पण ती विचारत नव्हती आणि ते सांगत नव्हते. दोघांच्या मधे एक तिसरं माणूस घरात राहायला आल्यासारखं झालं होतं.

प्रार्थना ते करीत. अगदी गुडघे टेकून, वडिलांसारखी. पण हल्ली शब्द छताला आपटून खाली पडत. वडील, चिमाजीमास्तर, मिशनच्या शाळेतले मास्तर आणि गावचे उपदेशक. त्यांची एक गोष्ट सगळ्या नगर भागातल्या ख्रिस्ती माणसांना ठाऊक. प्रभुभोजनाला एकदा एक महारोगी बाई देवळाच्या दारात येऊन बसली होती. बोटं झडलेली, ओठ सुजलेले. लोक सरकले. मास्तरांनी प्याला तिच्या ओठांना लावला, आणि मग पुसला नाही, फिरवला नाही, जिथे तिचे ओठ लागले होते तिथेच आपले ओठ लावून प्यायले. प्रभूच्या प्याल्यातून मरण येत नाही, एवढंच म्हणाले. आणि खरंच, त्यांना काही झालं नाही. पुढे वीस-पंचवीस वर्षं जगले आणि म्हातारपणाने गेले. लग्नात, मयतीत, जिथे चार साळवे जमतील तिथे ही गोष्ट निघायची, आणि शेवटी कोणीतरी यशवंतरावांच्या पाठीवर थाप मारून म्हणायचं, तू त्या चिमाजीमास्तरचा लेक. आता त्या थापेचं ओझं कळत होतं. मास्तरचा खरा लेक असता तर उद्या बिनघोर प्यायला असता आणि प्याला पुढे दिला असता. प्रभूवर सोडून. पण तो विश्वास झाला, की देवाची परीक्षा पाहणं झालं? मास्तरांनी स्वतःचा जीव पणाला लावला होता. यशवंतरावांनी कुणाचा लावायचा? ज्यांच्या तोंडाशी वाकून प्याला धरायचा, त्या मंडळीतल्या म्हाताऱ्या अंबुबाईचा? सोपानरावांच्या पोरांचा? त्यांच्या डोक्यात दोन आवाज भांडत होते, दोघांच्याही तोंडी पवित्र शास्त्रच होतं, आणि त्यातला सैतान कोणता ते काही केल्या उमगेना.

देऊळ म्हणजे तरी काय, सिंधी निर्वासितांच्या कॅम्पातली पत्र्याची एक रिकामी बरॅक. त्यांच्यापैकी कुणीतरी भिंतीवर खडूने काढलेलं कमळ अजून पुसलं गेलं नव्हतं, आणि त्यावर नाताळातल्या कागदी चांदण्या लोंबत होत्या. कारखान्यांत कामाला आलेली नगर-जालन्याकडची ख्रिस्ती कुटुंबं सतरंजीवर बसत, बाया डावीकडे, पुरुष उजवीकडे. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब पुण्याहून गाडीने येत, प्याला आपल्या पिशवीत घेऊन येत; कारण प्याला एकच होता आणि त्यांच्या मंडळ्या अनेक. तो लोकांमधून फिरवायचं काम मंडळीने निवडलेले वडील, म्हणजे पंच, म्हणून यशवंतरावांचं. घडी घातलेल्या पांढऱ्या फडक्याने कड पुसायची, प्याला जरासा फिरवायचा, पुढच्याच्या ओठांना लावायचा. सगळ्यांचं झालं की परत मेजाकडे यायचं आणि पाळकांच्या हातून आपण प्यायचं. आणि इथे एक रीत होती, कुणी लिहून ठेवलेली नाही पण सगळ्यांना पाठ. ज्याच्या मनात काही पाप डाचत असेल, कुणाशी वैर असेल, त्याने प्याला घ्यायचा नाही. मान हलवायची, प्याला पुढे जायचा. मग मंडळी काही बोलत नसे. दुपारी पाळक त्या घरी जात, आणि संध्याकाळपर्यंत तो माणूस रडून मोकळा झालेला असे. मागच्या वर्षी सोपानरावांनी असाच प्याला पुढे जाऊ दिला होता, भावाशी भांडण होतं म्हणून. त्याआधी एका तरण्या पोराने, दारूपायी.

पाव मोडून वाटला गेला. मग पाळकसाहेबांनी प्याला यशवंतरावांच्या हाती दिला. त्यांनी तोंड मिटलं आणि नाकाने, अगदी हळू, प्याल्यापासून मान वळवून श्वास घेत ते एकेकापाशी वाकू लागले. सोपानराव. त्यांचा थोरला. मग बायांकडे. मार्थाने डोळे मिटून घोट घेतला. तिच्या ओठांवर रसाचा काळसर थेंब राहिला होता. रांगेच्या शेवटी अंबुबाई, दात पडलेली म्हातारी, विधवा, जिला धाप लागायची. तिच्यापुढे वाकले आणि छातीतून ती उबळ निघाली. आधी खाज, मग कुणीतरी आत नखाने ओरबाडल्यासारखं. प्याल्यावरच खोकणार आता. सगळ्यांच्या देखत, म्हातारीच्या तोंडापुढे, प्रभूच्या रक्तात माझं रक्त. त्यांनी दात आवळले, पोट आत ओढलं, प्याला कलला, रस कडेपर्यंत आला आणि सांडला नाही. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. म्हातारीने त्यांच्याकडे बघितलं, आपल्या सुरकुतल्या हातांनी प्याला धरून स्वतःच घोट घेतला आणि पुटपुटली, "देव पावला रं तुला, लेकरा." तिला वाटलं, भक्तीचे अश्रू. उबळ कशीबशी खाली बसली. ते मेजापाशी आले. पाळकसाहेबांनी प्याला घेतला, स्वतः प्यायले, कड पुसली आणि प्याला यशवंतरावांपुढे धरला. पाळक तिथून दुसऱ्या गावी जाणार होते, दुसऱ्या मंडळीत, हाच प्याला घेऊन. गेथशेमाने बागेत प्रभूनेही बापाला विनवलं होतं की हा प्याला टळावा. पण तो प्याला दुःखाचा होता, हा तर कृपेचा, हा कोण टाळतो? यशवंतरावांनी मान हलवली.

पत्र्यावर कावळा चालल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. पाळकांनी प्याला जरा वेळ तसाच धरला, मग मागे घेतला. आणि यशवंतरावांना कळलं की आपल्या डोळ्यांतलं पाणी आता सगळ्यांना समजलं, म्हणजे पश्चात्ताप. मंडळीचा वडील, मास्तरचा लेक, आणि एवढा रडला, म्हणजे पापही तसंच मोठं असणार. कुणी म्हणेल बाई असेल, कुणी म्हणेल दारू. बाहेर चपला घालताना सोपानराव नजर चुकवून खांद्याला हात लावून गेले; तेही पेनिसिलिनच्याच कारखान्यात, पॅकिंगला. पाळकसाहेब म्हणाले, गाडीच्या आधी दुपारी घरी येतो. अंबुबाई मार्थाचा हात धरून काही सांगत होती, माफी हाय, समद्याला माफी हाय, एवढं कानावर आलं. आणि नवल म्हणजे, यशवंतरावांना हायसं वाटलं. पापी ठरलो, बरं झालं. पाप्याला जवळ घेतात. पाप्याच्या घरी पाळक जेवतात. पाप धुऊन निघतं म्हणून तर ही सगळी माणसं रविवारी जमतात. क्षय धुऊन निघतो असं कोण म्हणतं? क्षयाच्या घरचं पाणी कोण पितं? दुपारी एखादं खोटं पाप सांगून टाकावं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. मग त्या विचारानेच त्यांना स्वतःची किळस आली.

जेवणं झाली. सुवार्ताला झोपवून मार्था त्यांची उशी घेऊन समोर येऊन बसली, उशीची शिवण दाताने तोडली, कापसात बोटं घातली आणि काळ्या दोऱ्यात बांधलेली कापडाची एक इवलीशी पुरचुंडी काढून जमिनीवर ठेवली.

"हे मी केलंय," ती म्हणाली. "माझ्या पापापायी तुम्ही आज प्याल्याविना राहिलात."

त्यांना काहीच बोध होईना. मग ती सांगू लागली, खाली बघत, एका सुरात. पलीकडची खैरुन्निसा, शौकत मेकॅनिकची बायको, तिच्याबरोबर ती दर्ग्याला गेली होती. त्यांचा खोकला व्हरांड्यातून रात्रभर आत ऐकू यायचा. प्रार्थना करून करून तिचे शब्द संपले. मग तिने हा दोरा आणला आणि उशीत शिवला. उपदेशकाच्या घरची सून, आणि दोरा! तुम्हाला उशीत हाताला लागला असणार, ती म्हणाली, आणि तुम्ही मला बोलला नाहीत, चारचौघांत माझी लाज काढली नाहीत, पाप आपल्या अंगावर घेतलंत आणि प्याला सोडलात. यशवंतरावांना हसू आलं, खरोखरीचं हसू, आणि हसता हसता सकाळपासून कोंडलेली उबळ वर आली. रुमाल काढायला वेळ मिळाला नाही. हात तोंडावर गेला आणि बोटांच्या फटीतून ते खाली आलं, फरशीवर, त्या दोऱ्याच्या शेजारी.

मार्था किंचाळली नाही. तिने पदराने त्यांचा हात पुसला. ते मागे सरकले, नको, लागेल तुला, म्हणत राहिले, क्षय आहे, मार्था, डॉक्टरांनी सांगितलंय, लागेल. शेवटी शब्द तोंडातून गेला होता. ती पुसतच राहिली. मग म्हणाली, "मला वाटत होतं. नाव घेतलं तर खरं होईल म्हणून घेतलं नाही."

मार्थाने पाणी ओतलं, फरशीवरचं रक्त धुऊन निघत होतं, आणि यशवंतरावांना एकाएकी एक गोष्ट आठवली; आठवली म्हणजे काय, ती कायम तिथेच होती, त्यांनी तिच्यावर दगड ठेवला होता. त्या महारोगी बाईच्या दिवशीची संध्याकाळ. ते सात-आठ वर्षांचे. घरामागे लघवीला गेले तर न्हाणीच्या आडोशाला वडील उभे. हातात मिठाच्या पाण्याचा तांब्या. चूळ भरत होते, थुंकत होते, पुन्हा भरत होते, मिठाने ओठ घासत होते. ओठ लालबुंद झाले होते. मधेच थांबून, देवा, माझी पोरं लहान आहेत, देवा, माझी पोरं लहान आहेत, असं पुटपुटत होते. पोराला बघून त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि काहीच न झाल्यासारखं तोंड पुसलं. ही गोष्ट कुठल्या लग्नात, कुठल्या मयतीत निघाली नाही. इतकी वर्षं यशवंतरावांना वाटत होतं की बापाचं हे बिंग आहे, ते झाकलं पाहिजे. आज वाटलं, अरे, बाप माझ्याएवढाच भ्यायला होता, आणि तरीही त्याने प्याला तिच्या ओठांना लावला होता. त्यांना वडिलांची विलक्षण माया आली. मेलेल्या माणसाच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला.

दारात चपलांचा आवाज झाला. पाळकसाहेब होते, आणि त्यांच्याबरोबर सोपानराव, दोघांचे चेहरे पापी माणसाच्या घरी जाताना करतात तसे. यशवंतराव उठले, हात पाठीमागे लपवले. अजून वेळ होती. भावाशी भांडण, दारू, काहीही सांगता आलं असतं. सोपानराव उद्या सकाळी पॅकिंगला जाणार होते, आणि तिथे कळलेली गोष्ट काचेच्या खोलीत पोचायला कितीसा वेळ? त्यांनी मार्थाकडे बघितलं. ती दाराशी गेली होती. तिचा पदर डागाळलेला होता आणि तिने तो आत खोचला नव्हता.

"सलाम, पाळकसाहेब," ती म्हणाली, गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात. "घरात आजारी माणूस आहे. क्षय झालाय. आजाऱ्याला प्रभुभोजन घरी देतात ना? द्या."

सोपानराव पायरीवरून खाली उतरले. पाठ फिरवून गेले मात्र नाहीत. टोपी काढून तिथेच, उन्हात, उभे राहिले. पाळकसाहेब आत आले. वय झालेला माणूस, जरा गडबडला. दोरा बघितला, धुतलेली फरशी बघितली आणि काही न विचारता मांडी घालून बसला. पिशवीतून पावाचा तुकडा निघाला. सकाळचा उरलेला रस बाटलीत होता. तो टाकायचा नसतो, आजाऱ्यांना न्यायचा असतो. मग त्यांनी प्याला काढला, तेव्हा यशवंतरावांनी हात आडवा केला. प्याला नको, म्हणाले, तुम्हाला पुढच्या मंडळीत जायचंय. मार्था उठली, खिडकीपाशी गेली, आणि कोपऱ्यात मागे सारून ठेवलेला, त्यांनी रोज लपूनछपून घासलेला तो ग्लास घेऊन आली. यात ओता, म्हणाली.

रस थंड होता. इतकी वर्षं ते मंडळीत सर्वांत शेवटी पीत आले होते, आणि पुढच्या गावासाठी म्हणून ओठ लावण्यापुरताच घोट घेत आले होते. आज त्यांच्यामागे कुणी प्यायचं नव्हतं. त्यांनी ग्लास तळापर्यंत संपवला, मनुकांचा गाळसुद्धा. भीती गेली नाही. नोकरी जाणार होती, खोली जाणार होती, औंधला खाट मिळेल की नाही कोण जाणे, आणि छातीत ते नख होतंच. पण पाळकांनी प्रार्थना सुरू केली आणि मार्थाचा रडवेला आवाज त्यात मिसळला, बाहेर उन्हातून सोपानरावांचाही, तेव्हा शब्द छताला आपटून खाली आले नाहीत. निदान त्यांना तसं ऐकू आलं नाही.

सुवार्ता उठून डोळे चोळत आली होती. रसाच्या वासाने तिने ग्लासाकडे हात केला. यशवंतरावांनी ग्लास बाजूला घेतला आणि म्हणाले, "हा बाबांचा आहे, बाळ. बाबा आजारी आहेत ना." मग त्यांनी तो स्वतः विसळला आणि खिडकीत ठेवला, मधोमध, दिसेल असा.